एका गुणाने ग्रेड कुठे बदलते: बी.एस्सी.च्या निकालपत्रामागचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर विषय रसायनशास्त्र. पहिल्या सत्रात ५५० पैकी ३८१ गुण मिळाले आणि एसजीपीए, म्हणजे सत्राच्या ग्रेड-पॉइंटांची सरासरी, आला ८.४५. तिच्याच बॅचमधल्या मैत्रिणीला ३७२ गुण, म्हणजे नऊ कमी, तरी तिचा एसजीपीए ८.७३. हे कसं? इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजात सत्रभर होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कशावर देतात, प्रॅक्टिकलला परीक्षक नेमकं काय बघतात, आणि रिव्हॅलला (पुनर्मूल्यांकनाला) टाकण्यात अर्थ आहे का?

निकालात चूक नाही. दोघींचेही आकडे बरोबर आहेत. फरक पडला तो ग्रेडच्या पायऱ्यांमुळे, आणि त्या पायऱ्या समजल्या की बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिट पद्धतीसाठी दहा पॉइंटांची शिडी दिली: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. पण किती टक्क्यांना कोणतं अक्षर, हे आयोगाने विद्यापीठांवर सोडलं. म्हणून दोन विद्यापीठांच्या 'ए' ग्रेडची तुलना करता येत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालणारी शिडी अशी आहे, आणि तुम्ही दिलेले आकडेही तिच्यात बसतात: ८० आणि पुढे १० पॉइंट, ७० ते ७९ ला ९, ६० ते ६९ ला ८, ५५ ते ५९ ला ७, ५० ते ५४ ला ६, ४५ ते ४९ ला ५, ४० ते ४४ ला ४. त्याखाली शून्य.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. चाळीस ते साठच्या पट्ट्यात दर पाच टक्क्यांना एक पॉइंट मिळतो. साठ ते ऐंशीत त्यासाठी दहा टक्के लागतात. ऐंशीच्या वर तर काहीच वाढत नाही: ८० आणि ९७ दोन्हींना दहाच पॉइंट. पायरीच्या मधल्या गुणांना एसजीपीएत काहीही किंमत नाही. ७८ मिळवणारीला ७० मिळवणारीइतकेच पॉइंट मिळतात.

आता तिचं निकालपत्र या नजरेने वाचू. सत्राची क्रेडिट, म्हणजे पेपरांना दिलेली वजनं, एकूण २२. चार क्रेडिटचा पेपर १०० गुणांचा, दोन क्रेडिटचा ५० चा. प्रत्येक पेपराचे पॉइंट क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, तो एसजीपीए.

मेजर लेखी, ४ क्रेडिट: ५९ गुण, ७ पॉइंट, गुणाकार २८.
मेजर प्रॅक्टिकल, २ क्रेडिट: ५० पैकी ४१, १० पॉइंट, २०.
ओपन इलेक्टिव्ह, ४ क्रेडिट: ७२, ९ पॉइंट, ३६.
व्होकेशनल स्किल, २ क्रेडिट: ३३, ८ पॉइंट, १६.
स्किल एन्हान्समेंट, २ क्रेडिट: ३७, ९ पॉइंट, १८.
भाषा, २ क्रेडिट: २८, ७ पॉइंट, १४.
मूल्यशिक्षण, २ क्रेडिट: ३९, ९ पॉइंट, १८.
भारतीय ज्ञान परंपरा, २ क्रेडिट: ३२, ८ पॉइंट, १६.
को-करिक्युलर, २ क्रेडिट: ४०, १० पॉइंट, २०.

बेरीज १८६. भागिले २२, म्हणजे ८.४५.

मैत्रिणीचे गुण याच क्रमाने ६०, ४०, ७०, ३१, ३५, ३०, ३५, ३१, ४०. जवळपास प्रत्येक पेपरात ती पायरीच्या काठावर पोचली आणि तिथेच थांबली. तिचे पॉइंट १९२, भागिले २२, ८.७३. नऊ गुण जास्त मिळवूनही तुमची मुलगी मागे राहिली ती फक्त दोन पेपरांमुळे: मेजरला एक गुण कमी पडला आणि भाषेला दोन. मेजरला ६० असते तर तेवढ्यानेच बेरीज १९० आणि एसजीपीए ८.६४ झाला असता. भाषेत ३० असते तर दोन पॉइंट वाढले असते, म्हणजे ०.०९. दोन्ही ठिकाणी पायरी एकच चढायची होती, पण मेजरचं वजन दुप्पट, कारण क्रेडिट दुप्पट. अभ्यासाचे तास वाटताना हा हिशेब समोर ठेवावा. जो पेपर आधीच ८४ वर आहे त्याला आणखी आठवडा देण्यापेक्षा चार क्रेडिटच्या ५७ वाल्या पेपराला तो आठवडा दिलेला बरा. याला गुणांच्या मागे लागणं म्हणत नाहीत. जो विषय कच्चा राहिलाय तोच पक्का करायला हा हिशेब सांगतो.

पासिंगचे हेड

एसजीपीएच्या आधी एक दार ओलांडायचं असतं, आणि मुलं अडकतात ती बहुतेक तिथेच. एका पेपरात इंटर्नल आणि सत्रान्त परीक्षा असे दोन भाग असतात. कुठे ४०:६०, कुठे ३०:७०. पन्नास गुणांच्या पेपरात १५ आणि ३५ अशीही विभागणी असते. प्रश्न असा की पास व्हायला दोन्हींत वेगवेगळे चाळीस टक्के लागतात, की बेरजेत? अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत 'हेड ऑफ पासिंग' हे शब्द शोधा. हेड म्हणजे ज्यात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं तो भाग. वेगवेगळे हेड असतील तर ४० पैकी १६ आणि ६० पैकी २४ दोन्ही लागतात. मग इंटर्नलला ३६ आणि लेखीला २२, बेरीज ५८, तरी निकाल एफ. घरच्यांना हे फार लागतं, कारण ५८ दिसत असतात. ३५ आणि १५ च्या विभागणीत किमान आकडे १४ आणि ६. प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी स्वतंत्र हेड असतं, लेखीचे गुण तिकडे वळत नाहीत.

एका हेडमध्ये नापास झाल्यावर त्या पेपराची क्रेडिट थांबतात, वर्ष जातंच असं नाही. एटीकेटी म्हणजे टर्म पुढे चालू ठेवायची परवानगी. किती पेपर राहिले तर पुढच्या वर्गात बसता येतं त्याची मर्यादा विद्यापीठ ठरवतं. कितीतरी विद्यापीठं सगळी हेड सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, त्या जागी डॅश असतो. आणि 'गैरहजर' व 'शून्य' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींना पॉइंट शून्य, पण गैरहजर असल्यास पुनर्परीक्षेचे नियम वेगळे लागू शकतात. मुलगी परीक्षेला बसली असेल आणि निकालात गैरहजर दिसत असेल, तर ती नोंदीची चूक आहे. हजेरीपटावरची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक घेऊन त्याच आठवड्यात परीक्षा विभागात जावं.

इंटर्नल

तिच्या मेजरच्या ५९ ची फोड अशी असू शकते: लेखी ६० पैकी ३३, इंटर्नल ४० पैकी २६. इंटर्नलचे ४० साधारण असे वाटतात: वर्गचाचण्या २०, असाइनमेंट किंवा प्रेझेंटेशन १५, वर्गातला सहभाग ५. म्हणजे १३, ९ आणि ४ मिळाले असतील. इथे गुण हातून जातात ते बुद्धी कमी पडल्यामुळे फार क्वचित. चाचणीच्या दिवशी गावाला गेलं, आजारपणाचा दाखला वेळेत दिला नाही, असाइनमेंट शेवटच्या दिवसानंतर आठ दिवसांनी टाकली, किंवा चौघींनी एकच असाइनमेंट शब्द न बदलता दिली. दोन चाचण्यांपैकी चांगली धरायची की सरासरी काढायची, हे सत्राच्या सुरुवातीला विचारून घ्यावं. सरासरी असेल तर एक चाचणी बुडाली की २० पैकी १० च्या वर जाताच येत नाही, दुसरीत पैकीच्या पैकी मिळाले तरी. चाचणी खऱ्या कारणाने बुडालीच तर विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, सोबत दाखला, आणि पोच घेतलेली प्रत आपल्याजवळ. सत्र संपताना तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

शिक्षकांकडूनही दोन गोष्टी हक्काने मागाव्यात. तपासलेली चाचणी हातात मिळावी, आणि इंटर्नलचे गुण पोर्टलवर भरण्याआधी यादी लावून मुलांची सही घ्यावी. जिथे हे होतं तिथे भांडणं होत नाहीत. चुका भरताना होतात: १३ चे ३१, एका ओळीचे गुण खालच्या ओळीला. एकदा पोर्टल बंद झालं की एक आकडा दुरुस्त करायला महिनोन्‌महिने जातात. इंटर्नलला रिव्हॅल नसतं, म्हणून यादीवर सही करताना आपला आकडा नीट बघणं हीच इथली एकमेव तपासणी.

प्रॅक्टिकल

विज्ञान शाखेचा खरा वेगळेपणा इथे आहे, आणि ग्रेड चढवायची सगळ्यात प्रामाणिक जागाही हीच.

जर्नल पूर्ण नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. पूर्ण म्हणजे प्रत्येक प्रयोगाखाली तारीख आणि शिक्षकांची सही, अनुक्रमणिका भरलेली, आणि पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर बॅचच्या शिक्षकांची व विभागप्रमुखांची सही. परीक्षेच्या आदल्या रात्री बारा प्रयोग उतरवून काढलेलं जर्नल परीक्षकाला लांबूनच ओळखू येतं: एकच शाई, एकच घाई, आणि रीडिंग शेजारणीसारखी. जर्नलचे ५ किंवा १० गुण म्हणजे पन्नासच्या पेपरात एक ते दोन पायऱ्या.

आता प्रयोग जवळून बघू. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. १० मिली व्हिनेगर स्टँडर्ड फ्लास्कमध्ये १०० मिलीपर्यंत पातळ केलं, त्यातलं १० मिली पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले, आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या नळीतून, रंग बदलेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. पायलट, म्हणजे अंदाजाचं रीडिंग ८ ते ९ च्या मध्ये. मग तीन रीडिंग: ८.४, ८.५, ८.४. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे सगळे म्हणतात तसं सी.बी.आर., ८.४ मिली. पातळ द्रावणाची नॉर्मॅलिटी ०.०८४, मूळ व्हिनेगरची ०.८४, आणि ६० ने गुणल्यावर लिटरला ५०.४ ग्रॅम. म्हणजे साधारण पाच टक्के. बाजारातल्या व्हिनेगरला शोभेल असं उत्तर.

यात गुण कुठे असतात? समजा प्रयोगाला २० गुण. निरीक्षणांचा तक्ता आणि सुसंगत रीडिंग यांना सात-आठ, खऱ्या आकड्याच्या किती जवळ आलो याला सहा, गणिताला चार, एककासह निष्कर्षाला दोन, अशा धर्तीची वाटणी असते. परीक्षकाकडे त्या द्रावणाचा आकडा आधीच असतो. सकाळी प्रयोगशाळा साहाय्यकांनी ते बनवून तपासलेलं असतं. तुमचा सी.बी.आर. त्यापासून ०.२ मिलीच्या आत असेल तर पूर्ण, त्यापुढे पायरीपायरीने कमी, असं ठरलेलं असतं. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. दोन थेंब जास्त गेले की ०.१ मिली, आणि त्या ०.१ मिलीने वरच्या उत्तरात लिटरला ०.६ ग्रॅमचा फरक पडतो. गडद गुलाबी रंगाचा फ्लास्क म्हणूनच गुण घालवतो. हवी ती फिकट गुलाबी छटा, हलवल्यावर अर्धा मिनिट टिकणारी. त्याहून जास्त वेळ वाट बघू नये, हवेतला कार्बन डायऑक्साइड ती खातो.

चुका ठरलेल्या आहेत. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याने ती खंगाळलेली नसते, मग रीडिंग वाढतं. नळीच्या टोकात बुडबुडा राहतो, तो टायट्रेशनच्या मधेच सुटतो आणि रीडिंग फुगतं. फनेल ब्युरेटवरच राहते आणि त्यातून थेंब पडत राहतात. पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढला जातो. कोनिकल फ्लास्क मात्र डिस्टिल्ड वॉटरने धुतल्यावर कोरडा करायची गरज नाही आणि व्हिनेगरने तर मुळीच खंगाळायचा नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न हमखास येतो: ब्युरेट द्रावणाने का खंगाळायची आणि फ्लास्क का नाही? फ्लास्कमध्ये ॲसिडचं एकूण प्रमाण महत्त्वाचं, ते पिपेटने ठरलंय, पाण्याने ते बदलत नाही. ब्युरेटमध्ये तीव्रता महत्त्वाची, ती पाण्याने बदलते. ज्या मुलीला हे एक कारण सांगता येतं, तिला परीक्षक पुढचे प्रश्न सोपे विचारतात.

रीडिंग खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. पांढरी शाई लावलेला आकडा बघितला की परीक्षक आधी तिथेच थांबतो. आणि शेजारच्या टेबलावरून ऐकलेलं रीडिंग लिहू नये. एकाच बॅचला वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं देण्याची पद्धत आहे, तिथे उसनं रीडिंग लगेच उघडं पडतं. स्वतःचं ८.७ आलेलं प्रामाणिकपणे लिहिलं तर अचूकतेचे एक-दोन गुण जातील, तक्ता आणि गणित यांचे मिळतीलच.

भौतिकशास्त्रात हीच जागा आलेखाची. अक्षांवर राशी आणि एकक, कागदाचा निम्म्याहून जास्त भाग वापरणारी स्केल, बिंदूंना जोडत जाणारी तुटक रेघ नव्हे तर बिंदूंमधून जाणारी एकच सरळ रेघ, आणि स्लोप काढताना रेघेवरचे लांबचे दोन बिंदू, निरीक्षणांचे नव्हेत. जीवशास्त्रात स्पॉटिंग, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखणं. नुसतं नाव ओळखलं तर निम्मेच गुण, बाकीचे वर्गीकरणाला आणि दिसणाऱ्या लक्षणांना. स्लाइडवर जे दिसतंय तेच लिहायचं, पुस्तकातलं पान नाही.

लेखी पेपर

परीक्षकाच्या समोर मॉडेल आन्सर आणि गुणांची फोड असते, आणि तो वाचतो तुकड्यातुकड्याने. चार गुणांचं उदाहरण घ्या: ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड आणि ०.२ मोलर सोडियम ॲसेटेट यांच्या बफरचा पीएच काढा, पीकेए ४.७६. हेंडरसन समीकरण (पीएच = पीकेए + लॉग क्षार/आम्ल) लिहिलं, एक गुण. क्षार वर आणि आम्ल खाली ठेवून किमती घातल्या, एक. लॉग २ म्हणजे ०.३०, एक. उत्तर ५.०६, एक. कुणी गुणोत्तर उलटं घेतलं तर उत्तर ४.४६ येतं. समीकरणाचा गुण टिकतो, लॉगचाही अनेकदा मिळतो, किमती आणि उत्तर यांचे जातात. आणि जिने फक्त '५.०६' लिहिलं, तिला बरोबर उत्तराचा एकच गुण मिळू शकतो, कारण बाकी तीन गुणांसाठी परीक्षकाला बघायला काहीच नाही. पायऱ्या लिहा असं शिक्षक ओरडून सांगतात ते यासाठी. क्षार जास्त आहे म्हणजे पीएच पीकेएच्या वर हवा, एवढा विचार शेवटी केला तरी उलटं गुणोत्तर स्वतःलाच सापडतं.

वर्णनात्मक उत्तरात गुण ठरावीक शब्दांना असतात. राउल्टचा नियम लिहिताना 'आयडियल द्रावण', 'बाष्पदाब' आणि 'मोल फ्रॅक्शन' यातला एक शब्द सुटला की अर्धा-एक गुण जातो. चार पानं भरली म्हणून तो परत येत नाही. प्रश्नाचा क्रमांक उपप्रश्नासह समासात ठळक घाला. २ बी चं उत्तर ३ बी खाली गेलं, तर घाईतल्या परीक्षकाकडून ते न तपासलेलं राहू शकतं.

घाई खरी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावायचा असतो. उत्तरपत्रिका कॅप सेंटरवर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर जातात, क्रमांक झाकला जातो किंवा बारकोड लागतो, परीक्षक तपासतो, त्यातल्या काही मॉडरेटर पुन्हा बघतो, मग गुण भरले जातात. ऑनस्क्रीन तपासणीत स्कॅन केलेलं पान दिसतं, म्हणून फिकट पेन्सिलीने लिहिलेलं आणि कागदाच्या अगदी कडेला गेलेलं उत्तर धोक्याचं. पुरवणी बांधायची राहिली तर ती हरवू शकते. मुख्य उत्तरपत्रिकेवर पुरवण्यांची संख्या लिहायचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

रिव्हॅल करावं का

मेजरसाठी हो, पण थेट नाही. आधी फोटोकॉपी. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात मान्य केला आहे, आणि विद्यापीठांची फोटोकॉपीची सोय आहेच. प्रत हातात आल्यावर भावनेने न वाचता या क्रमाने बघा. सगळी उत्तरं तपासली आहेत का, म्हणजे प्रत्येकासमोर गुण किंवा खूण आहे का. आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत तसेच उतरले आहेत का. बेरीज बरोबर आहे का. अर्धे गुण धरले आहेत का. यातली चूक सापडली तर ती नुसत्या गुणपडताळणीतच सुटते, पुनर्मूल्यांकनाची गरज नसते.

बेरीज बरोबर असेल तर वर्गातल्या शिक्षकांकडे प्रत नेऊन विचारा की एखादं उत्तर कमी तोललं गेलंय का. बफरसारख्या गणितात पायऱ्या असूनही शून्य दिसलं, तर पुनर्मूल्यांकनाला बळकट कारण आहे. 'मला वाटतं जास्त मिळायला हवे होते' हे कारण नव्हे. गुण किती वाढले तर बदल धरायचा, आणि कमी झाले तर काय, याचे नियम विद्यापीठ परिपत्रकात देतं. अर्ज भरण्याआधी ते वाचा. ५९ ला एका गुणाने चार पॉइंट वाढतात म्हणून इथे प्रयत्न सार्थ आहे. भाषेच्या २८ ला दोन गुण हवेत, तिथेही फोटोकॉपी मागवायला हरकत नाही. ३९ वाल्या मूल्यशिक्षणाला तर पुढची पायरी एकाच गुणावर आहे, तिथेही तेच. पण ३७ वाल्या पेपरासाठी पैसे घालवू नका. ३७ ला पुढची पायरी तीन गुण लांब आहे. आणि तीन-चार पेपरांची फी मिळून बरीच होते.

टक्केवारी आणि पुढचा प्रवेश

८.४५ ला दहाने गुणून ८४.५ टक्के लिहू नका. तिचे प्रत्यक्ष टक्के ६९.२७ आहेत. हा एवढा मोठा फरक शिडीमुळे पडतो, कारण ६० टक्क्यांनाच आठ पॉइंट मिळतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं सूत्र आहे सीजीपीएतून, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीतून, ०.७५ वजा करून दहाने गुणणं. त्याने ७७ येतील. पण ते सूत्र वेगळ्या शिडीसाठी आहे आणि प्रत्येक विद्यापीठाला लागू नाही. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं किंवा परीक्षा विभाग तसा दाखला देतो. एम.एस्सी.च्या किंवा नोकरीच्या अर्जात तेच लिहा. अर्जात स्वतः गुणाकार करून लिहिलेली टक्केवारी कागदपत्रं तपासताना प्रवेश रद्द करायला पुरेशी ठरते. परदेशी अर्ज करताना टक्के न काढता मूळ ट्रान्सक्रिप्ट, शिडीच्या तक्त्यासह, पाठवावी.

सीजीपीए काढताना दोन सत्रांच्या एसजीपीएची छापील, दोन दशांशांची सरासरी न घेता पॉइंटांची बेरीज घ्या. पुढच्या सत्रात १७८ पॉइंट आले तर १८६ अधिक १७८, ३६४, भागिले ४४ क्रेडिट, ८.२७. ही क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीत तिच्या खात्यावर जमा व्हायला हवीत. तिथे पेपराची नोंद दिसते का ते दर सत्राला बघावं.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो की वर्गात हुशार मुलं जास्त असली तर ग्रेड खाली जाते. संलग्न कॉलेजांतल्या बी.एस्सी.ला तसं होत नाही, इथे पायऱ्या आधीच ठरलेल्या असतात. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत मात्र शिक्षक वर्गाच्या गुणांची विभागणी बघून एए, एबी, बीबी अशा ग्रेडच्या सीमा ठरवतात, तिथे ६५ ला सर्वोच्च ग्रेडही मिळू शकते. मैत्रिणीचे ८.७३ तुमच्या मुलीच्या वाट्याचे गेले असं काही झालेलं नाही.

सध्या करायचं एवढंच: निकालाची तारीख बघा आणि फोटोकॉपीच्या अर्जाची शेवटची तारीख त्या परिपत्रकात शोधा, ती निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. मेजर, भाषा आणि हवं तर मूल्यशिक्षण या पेपरांचा अर्ज मुलीच्या लॉगिनमधून भरा, पावती जपून ठेवा. आणि पुढच्या सत्राची पहिली वर्गचाचणी कधी आहे ते आजच विचारून ठेवा.